फटीतला कापूस

ज्ञानेश तांडेलचा हात चांगला, पण दुसऱ्याचं ऐकेल तर शपथ. सौदीत रास तनुराजवळच्या एका कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाने, त्याला आणि मोहियुद्दीनचाचांना आपल्या आजोबांचं मोती काढायचं गलबत दुरुस्त करायला ठेवलं होतं. दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत मोत्यांचा धंदा बसला, तेव्हा ते वाळूवर ओढलं आणि तिथेच राहिलं. आता कफीलला हौस आली, मुलाच्या लग्नात ते पाण्यावर हवं. दोघेही दाभोळ खाडीवरचे सुतार. चाचांच्या हातची होडी कधी बुडाली नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक.

फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस भरायचा होता. डावी बाजू चाचांची, उजवी ज्ञानेशची.

“सैल भर रे बाबा,” चाचा म्हणाले. “हे लाकूड इतकी वर्षं उन्हात वाळलंय. पाणी प्यायलं की फुगेल. जागा ठेव.”

कोकणात होडी पावसाळाभर झापांच्या खोपीत असते, लाकूड ओलसर, तिथे कापूस ठासूनच भरतात. ज्ञानेश लहानपणापासून तेच करत आलेला. म्हातारा घाबरट झालाय, असं मनाशी म्हणत या शहाण्याने दणादण ठोकलं.

गलबत पाण्यात सोडलं. चाचा आत उतरून कुठे झिरपतंय ते बघत होते. उजवीकडच्या फळ्या फुगल्या, त्यांना जागाच उरली नव्हती, खिळे उपटून दोन फळ्या सुटल्या. गलबत कलंडलं आणि तोल राखायला तळात भरलेले दगड चाचांच्या पायावर आले. चाचा वाचले, पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

इस्पितळात ज्ञानेशने तोंड उघडायच्या आत चाचाच म्हणाले, “कफीलला सांगितलंय, चूक माझी. मी आता घरीच जाणार. तुझी लेक अजून लहान आहे.”

“चाचा, असं नका करू. तुमचं नाव जाईल.”

“तुझी बाजू मी चाचपली होती. घट्ट लागली. म्हटलं, याचा हात आता माझ्यापेक्षा बरा, असू दे.”

 ज्ञानेशला त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

तो तडक कफीलकडे गेला. कापूस मी ठासला, चाचांनी बजावलं होतं, सगळं मोडक्यातोडक्या अरबीत सांगून टाकलं. कफीलचे डोळे भरून आले.

“म्हातारा म्हणालाच होता, पोरगा येईल आणि दोष अंगावर घेईल. असा साथीदार नशिबाने मिळतो. आता हा विषय खलास. गलबत तूच पुन्हा उभं कर.”

इथे हट्टाने बोलायला हवं होतं. उजवीकडचा कापूस उपसून दाखवला असता तर कोणालाही कळलं असतं. ते ज्ञानेशच्या ओठांवर आलंही होतं. पण लेक, कफीलच्या हातातला इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, गावचं अर्धवट घर डोळ्यांपुढे आलं आणि तो नुसता “शुक्रान” म्हणाला.

बाहेर आल्यावर त्याला हायसं वाटलं. चक्क हायसं वाटलं, आणि मग स्वतःचीच अशी शिसारी आली की तो तिथेच भिंतीला धरून खाली बसला.