आजची चादर

प्रकल्प सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत हवा मोजायचं यंत्र चौकातून उचलून टेकडीवरच्या बागेत नेलं गेलं. त्याबरोबर शहराची हवा एकदम सुधारली. प्रकल्प म्हणजे कचरा जाळून वीज करायचा कारखाना. कागदोपत्री तो हरित होता, त्याच्या पाट्या हिरव्या होत्या, आणि चिमणीवरसुद्धा कुणीतरी हौसेनं वेलबुट्टी रंगवून घेतली होती. बागेतल्या यंत्राभोवती एक टँकर सारखा फवारे मारत फिरायचा. झाडांना पाणी घालतोय, असं चालक सांगायचा. यंत्राचे आकडे मात्र चांगले यायला लागले, शिकवणी लावलेल्या मुलाला मार्क मिळावेत तसे.

चौकातल्या लाँड्रीत हे आकडे कुणाला पटत नव्हते. ती लाँड्री दोघा भावंडांची. थोरली धुण्याकडे बघायची आणि धाकटा इस्त्रीकडे. दोघांनीही पन्नाशी ओलांडली होती, पण चौकात त्यांना अजून थोरली आणि धाकटाच म्हणत. थोरलीचा आवाज पलीकडच्या रस्त्यापर्यंत जायचा. धाकटा दिवसाकाठी जेमतेम चार वाक्यं बोलायचा, तीही बहुतेक इस्त्रीला उद्देशून. पाठीमागे लोक त्याला घुम्या म्हणत. ते त्याला ठाऊक होतं आणि फारसं चुकीचंही वाटत नव्हतं.

मोठ्या दवाखान्याच्या चादरी त्यांच्याकडे यायच्या. दुकानाशेजारच्या मोकळ्या जागेत, रस्त्याच्या कडेला दोऱ्या होत्या आणि त्यांवर चादरी वाळायच्या. प्रकल्प सुरू झाल्यापासून सकाळी पांढरी घातलेली चादर दुपारनंतर राखाडी होऊन उतरायची. पुन्हा धुवायची, पुन्हा घालायची. दवाखान्याचा मुकादम येऊन म्हणाला, "तुमचा साबण बदला." थोरलीनं साबण बदलला नाही. तिनं घरातली एक जुनी डबल चादर काढली, धुतली आणि अगदी रस्त्यालगतच्या दोरीवर एकटीच घातली. संध्याकाळी ती राखाडी झाली. थोरलीनं ती रात्रभर तशीच ठेवली, सकाळी उतरवून धुतली आणि परत घातली. वर काही लिहिलं नाही, कुणाला काही सांगितलं नाही.

पण लोक बघायला लागले. दम्याच्या बाईचा नवरा कामावरून येताना थांबून चादर बघायचा आणि घरी जाऊन खिडक्या लावायचा. शाळेतल्या बाई मुलांना मैदानात सोडायच्या आधी फोन करायच्या, "आजची चादर कशी आहे हो?" आणि थोरली सांगायची, "ठीक आहे, धुतल्या तांदळासारखी नाही, पण चालेल." कधी म्हणायची, "आज पोरांना आतच बसवा."

मग आदेश निघाला. प्रकल्पाविषयी लोकांच्या मनात संभ्रम निर्माण होईल असं काहीही सार्वजनिक ठिकाणी लिहू नये, दाखवू नये, टांगू नये.

"टांगू नये, हे आपल्यासाठी घातलंय," थोरली म्हणाली. "एवढा मान आपल्याला आजवर कुणी दिला नव्हता."

धाकट्याला हसू आलं नाही. कपडे गुंडाळायला दुकानात रद्दी यायची आणि तो ती सगळी वाचायचा. त्यामुळे त्याचा राग नेहमी चार-आठ दिवस शिळा असायचा, पण असायचा. त्यानं वाचलं होतं की यंत्र हलवलं ते नागरिकांच्या सोयीसाठी. जनसुनावणी झाली ती कामाच्या दिवशी, शहराबाहेरच्या सभागृहात, आणि तिथं गेलेल्या तिघांनी आनंद व्यक्त केला. नदीकाठच्या वस्तीनं निषेधाची परवानगी मागितली, तर शांतता बिघडेल म्हणून ती मिळाली नाही. जणू धुरानं बिघडत नव्हती. हे वाचून त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होत गेली होती. सरकारला धूर खुपत नव्हता, धूर दिसणं खुपत होतं. धूर थांबवायचा तर खर्च होता. बघणाऱ्याला थांबवायला एक आदेश पुरत होता. पण हे तो बोलणार कुणाशी? इस्त्रीनं मान डोलावली असती, एवढंच.

एका सकाळी हवालदार टेम्पो घेऊन आला. थोरली नुकतीच ओल्या चादरी दोऱ्यांवर टाकत होती.

"पांढऱ्या चादरी जप्त करायच्या आहेत," हवालदार म्हणाला.

"इथं सगळ्याच पांढऱ्या आहेत. ही कडेची तेवढी आमची, बाकीच्या दवाखान्याच्या."

"आदेशात फक्त पांढऱ्या म्हटलंय."

"अहो, ओल्या आहेत सगळ्या."

"ओल्या-वाळल्याचं आदेशात काही नाही, ताई. काय करू मी?"

"नोकरी करा," थोरली म्हणाली. "दुसरं काय करणार तुम्ही."

सगळ्या चादरी टेम्पोत गेल्या. दुकानातला बॉयलर बंद करून त्याला सील ठोकलं. थोड्या वेळानं चौकीवरून फोन आला. साहेबांनी घरातल्या समंजस माणसाला बोलावलं होतं.

"समंजस म्हणजे तू," थोरली भावाला म्हणाली. "माझं नाव कुणी तसं घेणार नाही."

धाकट्यानं चप्पल पायात घातली, काढली, पुन्हा घातली. "चादरी परत मिळाल्या नाहीत तर दवाखान्याचं काम जाईल, ताई."

"जाईल."

"मग काय करायचं?"

"ते तू बघ. मला विचारून गेलास तर तिथं माझंच बोलशील, आणि माझं बोलणं त्यांना पाठ आहे." मग जरा आवाज उतरवून ती म्हणाली, "जेवून जा. तिथं बसवून ठेवतील."

खरोखरच बसवून ठेवलं. चौकीच्या अंगणातल्या बाकावर धाकटा सकाळभर बसून राहिला. समोर हवालदारानं गाड्यांच्या शेडपासून दिव्याच्या खांबापर्यंत दोरी बांधली होती आणि तो एकेक चादर झटकून वाळत घालत होता. कोपरे नीट जुळवत होता.

"मुद्देमाल आहे," धाकटा बघतोय हे पाहून तो म्हणाला. "ओला कोंबून ठेवला तर कुबट वास मारतो, मग साहेब माझ्यावर ओरडणार. घरी धुणं माझ्याकडेच असतं."

"चिमटे लावा," धाकटा म्हणाला. आणि आपण पोलिसाला मदत केली, हे त्याला मागाहून खटकलं.

साहेब जेवून आले तेव्हा दुपार कलली होती. त्यांच्याबरोबर प्रसिद्धी खात्याच्या एक मॅडम होत्या, हातात मोठा फोन. साहेबांनी धाकट्याला खुर्ची दिली. खुर्ची मिळाल्यावर तो जास्तच घाबरला.

"हे बघा काका," साहेब म्हणाले, "आम्हाला काही तुमच्या पोटावर पाय द्यायचा नाही. एक छोटा व्हिडिओ करायचा. तुम्ही म्हणायचं, चादरींवरचं काळं आमच्या दुकानातल्या बॉयलरमुळे पडतं, प्रकल्पाचा काही संबंध नाही, लोकांचा गैरसमज झाला, दिलगीर आहे. झालं. चादरी घ्या, सील काढून देतो, दवाखान्यालाही मी फोन करतो."

"आमचा बॉयलर विजेवर चालतो, साहेब."

"ते लोकांना कुठं माहीत आहे?"

"मला माहीत आहे," धाकटा म्हणाला, पण इतक्या हळू की ते टेबलाच्या पलीकडे पोचलं नसावं.

"आणि वीज कुठून येते?" साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "प्रकल्पातूनच ना? मग कशाला भांडायचं त्याच्याशी?"

 धाकट्याला पुढचं दिसत होतं. दवाखान्याचा मुकादम येऊन रिकाम्या दोऱ्या बघेल, काम दुसरीकडे देईल, आणि थोरली आयुष्यभर एका शब्दानंही त्याला बोल लावणार नाही. तेच सगळ्यात जड होतं. चार वाक्यं तर होती. रोजचा कोटाही तेवढाच होता.

"आत अंधार आहे," मॅडम म्हणाल्या. "बाहेर घेऊ या. चादरींचं बॅकग्राउंड छान येईल, स्वच्छ वाटेल."

त्यांनी धाकट्याला दोरीपुढे उभं केलं, त्याची कॉलर सरळ केली. "नाव सांगा, दुकान सांगा, मग बोला. माझ्याकडे बघा. रेडी?"

धाकट्यानं नाव सांगितलं. दुकानाचं नाव सांगितलं. "चादरींवरचं काळं," तो म्हणाला, "आमच्या दुकानातल्या..." आणि अडला. चादरींबद्दल बोलताना चादरीकडे बघायची त्याला जन्माची सवय. तो मागे वळला.

चादर राखाडी झाली होती. सगळ्याच झाल्या होत्या. घड्यांच्या जागी फिकट, वरच्या कडेला गडद, रोज त्याच्या इस्त्रीखाली येत होत्या तशाच. हवालदारानं लावलेल्या चिमट्यांखाली तेवढे पांढरे ठिपके राहिले असणार, हे त्याला चिमटे न काढताही कळलं.

"या इथं झाल्या," तो पुटपुटला.

"काय?" मॅडमनी फोन खाली केला. "नाही, नाही. परत घेऊ. मागे नका बघू. रेडी?"

आता, धाकट्याचं एक होतं. नेमकं वाक्य त्याला कधीच वेळेवर सुचायचं नाही. भांडण झालं, की घरी जाताना रस्त्यात सुचायचं. मुकादम साबणाबद्दल बोलून गेला, त्याचं उत्तर त्याला दुसऱ्या दिवशी एका उशीच्या अभ्र्यावर इस्त्री फिरवताना सुचलं होतं. जग एकदाच विचारायचं आणि निघून जायचं. आज पहिल्यांदा त्याला कुणीतरी पुन्हा विचारत होतं.

"माझी चौकात लाँड्री आहे," त्यानं सुरुवात केली. "सकाळी या चादरी पांढऱ्या होत्या. ओल्या होत्या. पोलिसांनी नेल्या... म्हणजे आणल्या. इथं. आणि आता..."

"अहो काका," साहेब म्हणाले, "ठरलं काय होतं आपलं?"

"चुकलं, साहेब. परत म्हणू?"

"परत. आणि ठरलंय तेच."

"माझी चौकात लाँड्री आहे," धाकटा म्हणाला. या वेळी त्यानं मॅडमच्या फोनकडे नीट बघितलं. "आमचा बॉयलर विजेवर चालतो आणि आज सकाळपासून त्याला पोलिसांचं सील आहे. या चादरी सकाळी धुऊन पांढऱ्या झाल्या होत्या. तेव्हापासून त्या पोलीस चौकीच्या अंगणात आहेत. त्यांना पोलिसांशिवाय कुणी हात लावलेला नाही. तरी त्या काळ्या झाल्या आहेत. आता माझ्या दुकानाचा दोष कसा, ते मला..." इथं त्याला पुढचं सापडेना. "ते बाकी तेवढं जुळत नाहीये, मॅडम. एकदा परत घेऊ या?"

शेडपाशी उभा हवालदार उगाच एका गाडीचा आरसा पुसायला लागला. मॅडमनी आता पहिल्यांदाच फोनवरून नजर काढून चादरींकडे बघितलं. मग त्यांनी स्वतःच्या पांढऱ्या ओढणीचं टोक उचलून उजेडात धरलं आणि सोडून दिलं.

"बंद करा ते," साहेब म्हणाले.

"शेवट राहिलाय, साहेब."

"काका, मी चांगल्या शब्दांत सांगतोय. लायसन्स तुमच्या नावावर आहे. उद्या ते राहणार नाही. दवाखान्याचं काम राहणार नाही. बहिणीला तरी विचारलंत का?"

"तिनं विचारू नकोस म्हणून सांगितलंय."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

धाकट्यानं यावर खरोखर विचार केला. आपण करतोय त्यात थोडा मूर्खपणा आहे, अशी शंका त्याला होती. ती शंका त्याला पावाला लोणी लावतानासुद्धा यायची. पण चादर काळी होती, याबद्दल शंका नव्हती.

"तुम्ही मला म्हणायला सांगताय, की मी जे रोज हातानं झटकतो ते नाहीच," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण अंगणात सगळ्यांना ऐकू गेला. "हवा तुमच्या ताब्यात आहे. यंत्र तुमच्या ताब्यात आहे. चादरीही घेतल्यात. आता माझं तोंडही तुम्हीच वापरणार म्हणता. ते नाही मिळणार. दुकान घ्या हवं तर."

दुकान घ्या, असं आपण म्हणालो हे त्याला बोलून झाल्यावर कळलं. पण मागे घ्यावंसं वाटलं नाही. हेच तर वाक्य शोधत होतो की काय, असं वाटलं.

साहेब मॅडमकडे वळले. "सगळं डिलीट करा. माझ्यासमोर."

मॅडमनी बोट फिरवलं, एकदा, पुन्हा, पुन्हा. "झालं," त्या म्हणाल्या. धाकट्याकडे न बघता.

"बघितलंत?" साहेब म्हणाले. "काही नाही राहिलं."

"राहू दे, साहेब. मला आता पाठ झालंय."

हवालदाराला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग दोरीकडे, आणि तिथंच त्यांची पंचाईत झाली. "ह्या काढा आधी इथून."

"काढतो, साहेब. आत घालू का? म्हणजे सकाळी पांढऱ्या पंधरा अशी नोंद मीच केलीय. आता राखाडी म्हणून करावी लागेल. कारण काय लिहू?"

 साहेब आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. चादरी दोरीवरच राहिल्या. धाकटा काही वेळ उभा राहिला, कुणी अडवतंय का बघत. कुणी अडवलं नाही, तेव्हा तो फाटकाकडे निघाला.

फाटकाबाहेर थोरली होती. तिच्याबरोबर दम्याच्या बाईचा नवरा होता, शाळेतल्या बाई होत्या आणि दवाखान्याचा मुकादमही होता, चादरींची वाट बघून वैतागलेला.

"चादरी?" मुकादमानं विचारलं.

"देत नाहीत."

"मग आता? उद्या खाटांवर काय घालू मी? काम काढून घ्यावं लागेल मला, आधीच सांगतो."

"काढा," थोरली म्हणाली. "पण आधी हा काय सांगतो ते ऐकून घ्या." तिनं भावाच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं, ताप आलाय का बघावं तसं. "काय झालं रे आत?"

धाकट्यानं एकदा घसा साफ केला. एवढी माणसं आपल्या तोंडाकडे बघताहेत, हे त्याच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं, आणि एरवी तो मागच्या मागे पळाला असता. फाटकाच्या गजांतून सगळ्यांना दोरी दिसत होती. तो बाजूला सरकला, त्यांना नीट दिसावं म्हणून.

"माझी चौकात लाँड्री आहे," त्यानं सुरुवात केली.

"ते माहीत आहे रे बाबा," मुकादम म्हणाला.

"मधे बोलू नका," धाकटा म्हणाला. "मी पहिल्यापासून सांगतोय."