शीग उतरवणारी काठी

मी एक जुनी काठी आहे. हातभर लांब, नाशपतीच्या लाकडाची. चालताना आधार देणारी नव्हे, मित्रांनो, आणि पाठीत बसणारीही नव्हे. मापात धान्य ओतले की वर शीग चढते ना, ती सरकवून माप सपाट करणे, एवढेच माझे काम. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आमच्या बंदरात सगळ्यांचे पोट गव्हावर आणि सातूवर चाले, म्हणून मला मान होता.

मला गिल्बर्ट हॅसल या धान्याच्या व्यापाऱ्याने करून घेतले. सुताराने मला सरळसोट तासले होते. हॅसलने मला डोळ्यांसमोर धरून पाहिले आणि मधोमध जरासे पोट ठेवायला सांगितले. गिऱ्हाईक मोठे होते, सुताराने तसे केले. त्या पोटामुळे मी मापाच्या काठाखाली शिरत असे आणि दर मापामागे मूठभर गहू बाहेर ओढत असे. स्वतः धान्य घेताना हॅसल मला खुंटीवर टांगून ठेवी आणि शिगेसकट माप घेई. अशा मुठी साठवून त्याने दोन गलबते उभी केली.

मला वीस वर्षे फिरवले हम्फ्री पास्कने. तो हॅसलचा मापाडी. बाजारातल्या बायका म्हणत, हम्फ्रीच्या हाताला पाप नाही. त्याला सगळे ठाऊक होते. तो मान खाली घालून मला फिरवी आणि घरी जाई.

हॅसल आधी पैशाने वर चढला, मग मानाने. नगरसभेत शिरला, महापौर झाला, लाल झगा घालून चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसू लागला. मग त्याला पार्लमेंटचे डोहाळे लागले. नेमके त्याच वेळी लागोपाठ तीन उन्हाळे पावसात गेले आणि उभे पीक कुजले. लोक वाटाण्याच्या पिठात ओकची फळे कुटून घालू लागले. आणि एके दिवशी भरबाजारात एका चांभारणीने हम्फ्रीच्या हातून मला हिसकावले, मापाच्या काठावर आडवे ठेवले आणि माझे पोट सगळ्यांना दाखवले.

त्या संध्याकाळी हॅसलने हम्फ्रीला दुकानात बोलावले. दोघांच्या मधल्या मेजावर मी पडले होते.

"काठी तू आपल्या मनाने बदललीस, असं सांग," हॅसल म्हणाला. "एक दिवस खोड्यात काढायचा, बस्स."

"आणि खरं सांगितलं तर, मालक?"

"सांग की. न्यायाला मीच बसणार आहे." मग त्याने आवाज उतरवला. "असं बघ, तू गप्प राहा. तुझ्या बायकोला, सिसलीला, दर महिन्याला एक माप गहू देईन. शीग लावून. माझा शब्द आहे."

हम्फ्रीने माझ्या पोटावरून बोट फिरवले. घरात सिसली आणि तीन लेकरे होती, आणि चार दिवसांत भाकरी भाजली गेली नव्हती.

"शीग लावूनच ना?" त्याने विचारले.

"शीग लावून."

आमच्याकडची रीत अशी की खोटे माप करणाऱ्याच्या गळ्यात तेच माप अडकवायचे. मला सुतळीने हम्फ्रीच्या गळ्यात बांधले. चौकातल्या खोड्यात त्याची मान आणि हात अडकले होते. इतर वेळी लोक चिखल मारतात. त्या दिवशी लोक उपाशी होते, त्यांनी दगड मारले. हम्फ्रीने तोंड उघडले नाही. त्याचा घसा माझ्यावर घासत होता आणि एक शब्द वर येऊन परत खाली जात होता, तो मला कळत होता. दुपारी एक दगड त्याच्या कानशिलावर बसला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

मला चौकात जाळावे, असा हुकूम होता. हॅसलने गुपचूप दुसरीच काठी जाळायला दिली.

आपल्या माणसालाही दयामाया न दाखवणारा न्यायी पुरुष, म्हणून गावाने हॅसलला पार्लमेंटवर निवडून दिले. तो लंडनला निघाला त्याच दिवशी सिसली पोते घेऊन दुकानात आली. नव्या मापाड्याने माप भरले, शीग चढवली आणि मालकाकडे पाहिले.

"शीग राहू द्या, मालक," सिसली म्हणाली. "तेवढ्यासाठी ते गप्प राहिले."

हॅसल हातमोजे चढवत होता. "बाई, आता गावात एकच रीत आहे, आणि ती मीच घालून दिलीय. माप सपाट."

मापाड्याने मला फिरवले. शीग खाली पडली आणि तिच्या मागोमाग काठाखालची मूठही. सांडलेला गहू हॅसलच्या फरशीवर होता, म्हणून तो हॅसलचा. सिसलीने पोत्याचे तोंड बांधले.

आता मी एका घरात खिडकीला टेकू देते. मुले मला हौसेने पुसतात, तेल लावतात. मित्रांनो, बाकीच्या जुन्या वस्तू तुमच्याकडे जपणूक मागतात. मी मागत नाही. मला जाळायचा हुकूम झाला होता, तो आजवर कोणी पाळलेला नाही. बाहेर थंडी आहे, आत चूल पेटलेली आहे. मला उचला.