‘खरखर’च्या पाठीतली पिन

मी एक जुना, लांब हाताचा स्टेपलर आहे. मित्रांनो, चिमुकले स्टेपलर कागदाचा कोपरा टाचतात आणि तोऱ्यात मिरवतात. मी थेट पुस्तिकेच्या पाठीत पिन मारतो. हा फरक लक्षात असू द्या.

‘खरखर’ हे गाण्यांचं मासिक मीच बांधलं. मासिक आपलं म्हणायचं. निघायचं ते माझ्या मालकिणीच्या, म्हणजे ताईच्या, मनाला येईल तेव्हा. ज्यांना कुणी विचारत नाही अशा बँडची गाणी ती गॅरेजमध्ये, तळघरात जाऊन ऐकायची, त्यांवर लिहायची, झेरॉक्स काढायची. मग तिच्या आईच्या शिवणकामाच्या टेबलावर आमचा कारखाना सुरू व्हायचा.

“गिऱ्हाइकाच्या कोटात तुझी पिन सापडली ना, तर बघ!” आई कुरकुरायची, आणि सगळ्यांत सरळ घड्या तीच घालायची.

ताईचा एक नियम होता. ज्या बँडवर लिहिलं, त्यांनीच घड्या घालायला यायचं. एकदा एका गिटारवाल्याने घडी घालता घालता स्वतःबद्दलचं पान वाचलं. ‘हात गोड, पण गाणी सगळी दुसऱ्यांची नक्कल,’ असं त्यात होतं. तो लालबुंद झाला.

“हे पान काढ. नाहीतर आम्ही कुणीच येणार नाही.”

सगळ्यांचे हात थांबले. ते निघून गेले असते, तर ‘खरखर’ तिथेच संपलं असतं.

“पान राहील,” ताई म्हणाली. “तू उत्तर लिही. पुढच्या अंकात जसंच्या तसं छापते.”

तो दार आपटून गेला. बाकीचे मात्र पुन्हा घड्या घालू लागले. ताईने मला जवळ ओढलं आणि त्या पानासकट पिन मारली. तिचा मला आजही फार अभिमान वाटतो.

त्याचं उत्तर कधी आलं नाही. पुढे लोक सगळं फोनवरच वाचू लागले, अंक थांबला आणि मी बटणांच्या खणात गंजत पडलो. कुणी ढुंकून पाहिलं नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

परवा तोच गिटारवाला आला. केस पिकलेले, हातात तोच अंक. पिना गंजून पानं सुटली होती.

ताई हसली. “अरे, ते पान आपोआपच निघालंय. राहू दे की बाहेर!”

“छे! ते वाचूनच मी स्वतःची गाणी करायला लागलो. तेच आधी घट्ट बसव.”

म्हाताऱ्या आईने शिवणयंत्राचं तेल मला पाजलं. ताईने मला दाबलं. पहिली पिन वाकडी गेली आणि माझा जीव खालीवर झाला. दुसरी मात्र नेमकी बसली.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना अधूनमधून थेंबभर तेल देत जा. आणि तुमच्याबद्दल कुणी खरं लिहिलं, तर खुशाल रागवा, दार आपटा. पण ते पान जपून ठेवा.