अडखळता गजी

मित्रांनो, जत तालुक्यातल्या एका शाळेत खिडकीशेजारी बसलेला जुना संगणक तो मीच. जुना म्हणजे भंगार नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो! सांगलीच्या एका कचेरीतून निवृत्त होऊन मी इथे आलो. इथल्या शिक्षिका माया बाईंनी माझ्यात सर्वांसाठी खुली असलेली लिनक्स प्रणाली बसवली आणि मी पुन्हा कामाला लागलो. पोरं लाडानं मला 'म्हातारबा' म्हणू लागली.

माझं एकच दुखणं होतं. व्हिडिओ लावला की चित्र मध्येच थिजायचं आणि मग एकदम पुढं उडी मारायचं.

यंदा बिरोबाच्या जत्रेत पोरं गजी नाचणार होती. ढोलाच्या ठेक्यावरचा हा नाच शिकवणारे अर्जुनाबा गेल्या साली वारले. मागे उरला त्यांच्या नाचाचा एकुलता एक व्हिडिओ, तोही माझ्याच पोटात. पोरं तो बघून शिकली. गंमत अशी की मी जिथं अडकायचो, तिथं तीही एक पाय वर धरून थांबायची आणि मग टुणकन उडी मारायची! त्यांना वाटलं, नाचच तसा आहे.

अर्जुनाबांच्या पत्नी बनुबाई तालीम बघायला आल्या. पोरं थांबली तसा त्यांचा चेहरा उतरला.

"आमचं मालक नाचताना कवा थांबलं न्हाईत," एवढंच त्या बोलल्या.

तेव्हा कुठं सगळ्यांना कळलं, अडखळत होतो तो मी, नाच नव्हे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जत्रा तर तोंडावर आलेली. कुणी म्हणालं, हे डबडं भंगारात द्या. माया बाई मात्र मला तपासायला बसल्या. दोष निघाला ग्राफिक्स ड्रायव्हरचा. चित्रं हलवणाऱ्या चिपला काम सांगतो तो ड्रायव्हर. माझा इतका जुना होता की चिप नुसती बसून राहायची आणि प्रोसेसर एकटाच मरमर मरायचा. जोडीतला एक बैल बसला की दुसऱ्याचं होतं, अगदी तसं. बाईंनी इंटरनेटवरून नवा ड्रायव्हर उतरवून माझ्यात बसवला आणि मला बंद करून पुन्हा चालू केलं.

अहाहा, काय हलकं वाटलं! अर्जुनाबा रुमाल उडवत, गिरक्या घेत शेवटपर्यंत नाचले. बनुबाई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. पोरं पुन्हा पहिल्यापासून शिकली आणि जत्रेत झकास नाचली.

म्हणून सांगतो मित्रांनो, जुन्याला टाकण्याआधी त्याचं दुखणं तरी विचारा. बनुबाई आता दर बाजारादिवशी शाळेत येतात, माझ्या काचेवरची धूळ पदरानं पुसतात आणि म्हणतात, "लावा बाई, आमच्या मालकास्नी."

मग अर्जुनाबा नाचतात. मी त्यांना थांबू देत नाही.