सरलाबाईंचं अरेरे

भागीरथीची सासू वारली तेव्हा अख्खी गल्ली दारावर आली. सुरतेच्या गोडादऱ्यातल्या खानदेशी बायकांची रीत ठरलेली. कोपऱ्यावरच्या पानगल्ल्यापासून, म्हणजे पानटपरीपासून, गळा काढत यायचं आणि घरच्या बाईच्या गळ्यात पडायचं. येणारी बाई गेलेल्याचे हाल रडून सांगते, घरची प्रत्येक ओळीला 'हाव' म्हणून साथ देते. येणारी थांबत नाही तोवर घरचीला थांबता येत नाही.

समोरच्या सरलाबाई मात्र हात पुसत आल्या, उंबऱ्याबाहेरूनच "अरेरे" म्हणाल्या आणि डाळ लागेल म्हणून परत गेल्या. भागीरथी दोन्ही हात पसरून, तोंड उघडून तशीच उभी. सगळ्यांसमोर.

अरेरे हा शब्द वाईट नाही. दूध उतू गेलं, अरेरे. उधन्याची बस चुकली, अरेरे. पण सासू म्हणजे काही बस नव्हे.

हे अरेरे जसंच्या तसं परत करायचं, असं भागीरथीनं ठरवलं. अडचण एवढीच, की सरलाबाईंच्या घरी कोणी मरेना. त्यांचे सासरे लोटूबाबा पिकले होते, पण गळत नव्हते. भागीरथी रोज ओट्यावर जाऊन त्यांची तब्येत विचारायची. कोणीतरी विचारतंय म्हणून म्हातारा खुलायचा, घरातलं सगळं सांगायचा आणि शेवटी "बरं शे" म्हणायचा. मग हिचं तोंड पडायचं.

"तू त्यानी तब्येत इचारस का तारीख?" असं तिच्या नवऱ्यानं, सुकलालनं, एकदा विचारलं.

प्लेगच्या वर्षी अर्धं सुरत गाडीला लटकून गावी पळालं, तेव्हा तिला पहिल्यांदा आशा वाटली. लोटूबाबा गावाहून वजन वाढवून परतले.

पुढच्या उन्हाळ्यात म्हातारा दुपारी झोपला तो उठलाच नाही. भागीरथीनं इस्त्रीचं पातळ नेसलं, आरशासमोर अरेरे म्हणून पाहिलं. छान कोरडं जमलं.

दाराशी पोचली तर सरलाबाईंचं लक्ष घड्याळाकडे. म्हातारा जिन्याखाली झोपायचा, तिथं शिलाईमशीन सरकवूनही झालेलं. एका बाईनं रडणं पटकन आटोपलं, तर सरलाबाईंचा चेहरा उजळला. भागीरथीच्या लक्षात आलं, इथं आपलं अरेरे म्हणजे आहेर होईल.

ती उलट फिरली. पानगल्ल्यापाशी जाऊन पदर खोचला आणि असा गळा काढला, की लूमच्या कारखान्यातल्या खडखडाटातून कारागीर बाहेर आले. तशीच येऊन ती सरलाबाईंच्या गळ्यात पडली.

"तुन्हा चहामा साखर नही राहे रे बाबा!"

साथीसाठी सगळ्या बायका सरलाबाईंकडे बघू लागल्या.

"हाव रे बाबा," सरलाबाई म्हणाल्या.

मग रडण्यात जिन्याखालचं अंथरूण आलं. म्हाताऱ्याला खोकला लागला की मोठा केला जाणारा टीव्ही आला. पाहुणे आले की त्याला बसवून ठेवायचे तो संडासामागचा कोपराही आला. रोज तब्येत विचारल्याचा हा फायदा. रडणाऱ्या बाईवर चिडायची सोय नसते, त्यामुळे प्रत्येक ओळीला हाव. ऊन उतरलं तरी भागीरथी थांबेना. सरलाबाईंचा आवाज आधी चिरकला, मग गेलाच.

सरलाबाईंची उधन्याची नणंद हुंदके देत पुढे आली आणि तिनं भागीरथीचे हात धरले. "मन्हा बापवर इतली माया कोनी नही करी, माय. दहावा होईपर्यंत रोज या."

सरलाबाई जोरजोरात नाही-नाही अशी मान हलवू लागल्या. दुःख अनावर झालं म्हणून बायकांनी त्यांना धरून पाणी पाजलं.

भागीरथीनं डोळे पुसले, रोज यायचं कबूल केलं आणि सकाळी यायचं की संध्याकाळी, ते विचारून घेतलं.

"दोन्ही टाईम," नणंद म्हणाली.