सगुणाबाईंच्या कालवडी

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मायक्रोस्कोपवर वाकले.

"ह्यो तर गोचीड ताप," ते म्हणाले. "कुणाची गाय?"

"गाय नाही. सांबर."

कोळवणच्या वरच्या अंगाला एका फार्महाऊसच्या रिकाम्या पोहण्याच्या तलावात सांबराची मादी पडली होती. वनखात्याचा फोन आला म्हणून मी रक्ताचा नमुना घ्यायला गेले. जंगलात चरणाऱ्या जनावरांच्या रक्तातले परजीवी हाच माझा अभ्यास. रविवार होता, मी राहते त्या बावधनहून घरी येतच होते, त्यामुळे काचपट्टी ओसरीवरच रंगवली. बाबा पशुवैद्यकीय दवाखान्यातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेले. खोऱ्यात त्यांना सगळे डॉक्टरच म्हणत. असं काही आणलं की आधी त्यांनाच बघायचं असे.

"मेली का?"

"नाही. फळ्यांचा उतार करून दिला, तर वनरक्षकाला ढुशी देऊन डोंगर चढून गेली."

"फार्महाऊसवाल्यानं पोहायचं तिकीट न्हाई फाडलं व्हय तिचं?"

आतून हेमलताआत्या हसली. आई गेल्यापासून ती आमच्याकडेच असे.

बाबांनी पुन्हा डोळा लावला. "एवढे जंतू रक्तात घेऊन डोंगर चढती. आपली जर्सी असती तर कवाच आडवी झाली असती. हिला का होत न्हाई?"

मला असं कुणी विचारलं की मी रंगते. तशीच रंगले. पाडस जन्मतं तेच गोचिडीच्या गवतात, मी सांगितलं. जंतू लवकरच अंगात शिरतात, पण तेव्हा चिकातून मिळालेलं आईचं बळ असतं आणि कोवळ्या शरीराची स्वतःचीही ताकद असते. थोडी कणकण येते आणि जाते. तेवढ्यात शरीर जंतूला ओळखायला शिकतं. पुढे ते त्याला पुरता मारत नाही, आणि वाढूही देत नाही. जनावर जन्मभर त्याला रक्तात घेऊन चरतं. नवी गोचीड चावली की ओळख ताजी होते.

"आन् पाडसाला गोचीड लागूच दिली न्हाई तर?"

"तर मोठेपणी पहिल्यांदा गाठ पडते. तेव्हा शरीराला काहीच ठाऊक नसतं. मग..."

मी थांबले. पण तोवर उशीर झाला होता. बाबांचा डोळा अजून मायक्रोस्कोपला होता, पण हात मांडीवर पडला होता.

"सगुणाच्या कालवडी," ते म्हणाले.

आमच्या मागच्या आळीत भिवाजी आणि त्यांची बायको सगुणाबाई राहतात. मी कॉलेजात असताना सगुणाबाईंनी संकरित वासरं घेतली होती आणि बाबांनी सांगितलं तशी वाढवली होती. गोठ्याला जाळी, दर आठवड्याला फवारा, चारा दावणीत आणि डोंगराचं नाव नाही. एक गोचीड दिसता कामा नये, असं बाबा म्हणत, आणि एकही दिसत नसे. बाबा दुसऱ्या गावच्या माणसांना तो गोठा दाखवायला आणत. अंगं अशी चकचकीत की हात फिरवावासा वाटे. मग भिवाजी झाडावरून पडले, दवाखान्यात राहिले, चारा आणून घालणारं कुणी उरलं नाही. सगुणाबाईंनी कालवडी डोंगरावर सोडल्या. पंधरवड्यात एकेक करून सगळ्या गेल्या. इतरांची डोंगरावर चरणारी खिल्लारं तिथेच रवंथ करत होती.

त्या दिवशी बाबा चावडीसमोर म्हणाले होते, "सांगून ऐकायचं न्हाई. हिनं आपल्या हातानं मारल्या."

बाबांचा शब्द खोऱ्यात चाले. तोही चालला. त्यानंतर सगुणाबाईंना कुणी वाट्यानं वाढवायला वासरू दिलं नाही. गाय व्याली की घरोघर चीक जातो, तो त्यांच्या दारावरून पुढे जाऊ लागला. अडलेल्या गाईपाशी बायका त्यांना उभं राहू देईनात. त्या धान्य निवडायला, लग्नात भाकऱ्या थापायला बोलावलं तर जात. जनावराच्या अंगाला हात लावताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

"तुला ह्ये कवापासून ठाऊक?" बाबांनी विचारलं.

"अलीकडेच वाचलं."

काही वर्षांपूर्वीच्या माझ्या प्रबंधाचं एक प्रकरणच त्यावर होतं. छापून आलं तेव्हा बाबांनी पेढे वाटले होते. आत काय आहे ते इंग्रजीत होतं, आणि मी कधी सांगितलं नव्हतं. बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. ते पुन्हा काही विचारणार नाहीत हे मला कळलं, आणि विचारलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

"त्या वक्ताला आमाला तसंच शिकवलं व्हतं," ते म्हणाले. मग चष्मा डोळ्यांवर ओढून म्हणाले, "ते खरं. पण चावडीवर बोलायला कुणी शिकवलं न्हवतं. उद्या जाऊन येतो सगुणाकडं."

"मी येते बरोबर."

"तू कशाला? माझं मी बोलतो."

जेवताना ते आमटीला मीठ कमी म्हणाले, आत्या म्हणाली तुमच्या बीपीलाच कमी घातलंय, आणि ते पापड खात राहिले. मी मुक्काम केला. सकाळी ते ओसरीवर चपला घालायला बसले आणि भिंतीला टेकले. आत्या चहा घेऊन गेली तेव्हा एकच चप्पल पायात होती.

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. रिह्याहून, कोळवणहून लोक जीप करून आले होते. आमची चूल बंद, त्यामुळे शेजारच्या बायका डबे आणत होत्या. गावातले जाणते विठ्ठलराव सतरंजीवर मधोमध बसून बोलत होते. बाबांनी कुणाची म्हैस अडली असता पहाटे पायी जाऊन सोडवली ते त्यांनी सांगितलं, आणि ते खरं होतं.

"डॉक्टरांचं ज्यांनी ऐकलं त्यांचं भलं झालं," विठ्ठलराव म्हणाले. "न ऐकणाऱ्याचं काय झालं ते हाय की दारात."

एकदोघं हसली. सगुणाबाई पिठल्याचं पातेलं आणि भाकऱ्यांचं फडकं घेऊन उंबऱ्याशी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. चेहरा जसा होता तसाच राहिला.

"ठेव तितं," आत्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाली. बाकीच्या बायकांच्या हातून ती स्वतः घेत होती.

सगुणाबाईंनी पातेलं ठेवलं आणि माझ्यापाशी येऊन बसल्या. हात हातात घ्यावा की नाही हे न कळून त्यांनी माझ्या पदराचं टोक धरलं.

"देवमाणूस व्हता, सुलू," त्या म्हणाल्या. "मला बोलले ते बरोबरच बोलले. चूक माझी व्हती. मी सोडायला नको व्हत्या."

त्यांना ते खरंच वाटत होतं. इतकी वर्षं लोक बोलतात म्हणून त्या ऐकून घेत असतील, असं मी धरून चालले होते. मनात त्यांना सगळं माहीत असेल असंही. ते मला सोयीचं होतं.

समोर बाबांच्या फोटोला घातलेला हार अजून ओला होता. बाहेर कुणीतरी जीप वळवत होतं.

"काकू, तुमचं चुकलं नव्हतं," मी म्हणाले.

विठ्ठलरावांनी शेजारच्याला विचारलं, "काय म्हनतीया ती?"

आत्याने माझ्या दंडाला धरलं. "सुलू, आज नको."

मी पुन्हा म्हणाले, सतरंजीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. "सगुणाकाकूंनी कालवडी मारल्या नाहीत. वासरं असताना कालवडींना गोचीड लागू दिली नाही म्हणून त्या मेल्या. चुकलं बाबांचं. आणि मला ते ठाऊक होतं."