सव्वाचारचा भोंगा

सुचेता घाबरट आहे, हे त्सुकुबातल्या मराठी मंडळींना तोंडपाठ होतं, आणि ती कीर्ती पसरवली तिच्याच नवऱ्याने. जपानात आली त्या पहिल्या आठवड्यात गावच्या भोंग्यावर संध्याकाळी पाचची धून वाजली. पोरांनी घरी जावं म्हणून ती रोज वाजते. ही बाई मात्र भूकंप आला म्हणून पासपोर्ट आणि लेक काखोटीला मारून अनवाणी जिना उतरली. राजसने तो प्रसंग मंडळाच्या तिळगुळात नकलेसकट रंगवला. गेल्याच वर्षी एवढा भूकंप झालेल्या देशात माणसाने घाबरू नये तर काय करावं? हसतील त्यांचे दात दिसतील, असं तिने म्हणून पाहिलं. पण ते हसू तिला लागलं होतं.

मे महिन्यात ते तळ्याकाठच्या उद्यानात गेले. राजसने फलक वाचून दाखवला: आधी दलदल आणि कोळ्यांची वस्ती, मग पुरासाठी बांध, मग त्यावर उद्यान. आता सायकलींचा रस्ता, तंबूंची जागा, पायांनी चालवायच्या हंसाच्या होड्या. भूकंपात बांधाला पडलेल्या भेगा बुजवल्याचंही खाली लिहिलं होतं. सुचेताने लगेच पायाखाली पाहिलं.

"मी काठावरच बसते," ती म्हणाली.

राजस सहा वर्षांच्या अस्मिताला घेऊन होडीत बसला. "आई, बघत राहा हं!" लेक ओरडली.

सव्वाचारला भोंगा वाजला. धून, मग जपानी बाईचा आवाज. सुचेता उठणार, तोच ती नक्कल आठवली. तिने जमिनीवर तळहात टेकवला. हलत नव्हती. उद्यान बंद व्हायची वेळ असेल. दूरवर होडी थांबली होती, राजस तिच्याकडे बघत होता. तिने हसून हात हलवला आणि दडप्या पोह्यांचा घास घेतला.

थोड्याच वेळात वारा असा सुटला की डब्याचं झाकण उडालं. बाकीच्या होड्या केव्हाच काठाला लागल्या होत्या. एकटा हंस कलंडत लांब लांब चालला होता. सुचेता किंचाळत धक्क्याकडे धावली. होडीवाल्या म्हाताऱ्याने मोटरबोट काढली. लाटेमागे हंस गेला, दिसला, पुन्हा गेला. तिने देवाला काय काय कबूल केलं, तिचं तिलाच ठाऊक नाही.

म्हाताऱ्याने दोघांना ओढून आणलं. अस्मिता चिंब भिजलेली, ओठ निळे. सुचेताने तिला छातीशी दाबलं आणि ती नवऱ्यावर उसळली, "भोंग्यावरची बाई परत या म्हणून सांगत होती ना? जपानी येतं ना तुला?"

"वाऱ्यात शब्द कळले नाहीत गं." राजसचे दात वाजत होते. "म्हणून तुझ्याकडे पाहिलं. म्हटलं, काही असतं तर तू पहिली धावली असतीस."